हाताने बनवलेल्या ग्रीक बुझुक्यांची तुलना कशी करायची

एथेन्स, पिरेअस, थेसालोनिकी इकडे अजूनही छोट्या वर्कशॉपमध्ये बसून बुझुकी, म्हणजे लांब मानेचं ग्रीक तंतुवाद्य, घडवणारे कारागीर आहेत आणि प्रत्येकाच्या वाद्याला स्वतःचा आवाज असतो. पण दुकानात दोन बुझुक्या एकामागून एक छेडून "ही भारी" असं ठरवलं तर बहुतेक वेळा आपण कारागिरांची नाही, तारांचीच तुलना केलेली असते. नव्या तारांची बुझुकी झणझणीत वाजते, महिनोनमहिने भिंतीवर लटकलेली मंद वाजते. कारागिराचा हात ऐकायचा असेल तर बाकीचं सगळं आधी सारखं करून घ्यावं लागतं.

1. प्रकार एकच ठेवा

तीन जोड्यांची बुझुकी म्हणजे त्रिहोर्दो, 6 तारा, डी-ए-डी ट्यूनिंग. मार्कोस व्हाम्व्हाकारिस हा वादक-गायक आणि त्या काळातले रेबेतिकोवाले (रेबेतिको म्हणजे ग्रीसमधली जुनी शहरी लोकगाणी) हीच वाजवायचे. चार जोड्यांची म्हणजे तेत्राहोर्दो, 8 तारा, सी-एफ-ए-डी, ती 1950 च्या दशकात मानोलिस हियोतिस या वादकामुळे लोकप्रिय झाली. गिटारच्या वरच्या चार तारा एक टोन खाली उतरवल्या की हेच ट्यूनिंग, त्यामुळे गिटारवाल्यांची बोटं तिच्यावर लगेच बसतात. दोघींवर ताण वेगळा, मान वेगळी, म्हणून एकाची त्रिहोर्दो आणि दुसऱ्याची तेत्राहोर्दो शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आणि आपल्याला काय वाजवायचंय तेही आधीच ठरवा, कारण रेबेतिकोला कोरडा, टणक, पटकन उठून पटकन विरणारा आवाज शोभतो, तिथे लांब रेंगाळणारा सूर कितीही गोड असला तरी गाणं चिखलात गेल्यासारखं होतं.

2. दोन्ही वाद्यं एका पातळीवर आणा

दोन्हीवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा घालायला सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. पिक (तार छेडायची चकती) एकच, खोली एकच, वाजवणारा माणूसही एकच.

मग घोडी, म्हणजे वरच्या फळीवर तारा उचलून धरणारी पट्टी, बघा. बुझुकीची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने जागेवर बसलेली असते, त्यामुळे तारा बदलताना ती दोन मिलिमीटर जरी सरकली तरी वरच्या पडद्यांवर (पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सूर बिघडतो आणि लोक दोष देतात कारागिराला. नटपासून (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) 12 व्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, तिथून घोडी तेवढ्याच अंतरावर किंवा अगदी जराशी जास्त लांब हवी. आता 12 व्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघा, नसतील तर घोडी हलवून जुळवा. एवढं करूनही पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सूर चढा येत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, ते काम सोपं आहे. पण 5 व्या, 7 व्या पडद्यावर सूर इकडेतिकडे जात असेल तर पडदेच नीट बसवलेले नाहीत, ते वाद्य सोडून द्या.

12 व्या पडद्यावर तारांची उंची दोन्हीकडे सारखी ठेवा, दोन ते तीन मिलिमीटरच्या मध्ये. नाहीतर जी दाबायला हलकी तीच चांगली वाटणार.

3. मानेकडे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते खरा कारागीर इथे कळतो. बुझुकीची मोकळी तार साधारण 67 सेंटिमीटरची, मान लांब आणि बारीक, आणि बऱ्याच हातबनावटीच्या वाद्यांत आत लोखंडी सळी नसते, फक्त कडक लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असतात. म्हणजे ती मान आयुष्यभर तारांचा ताण सोसणार ती लाकडाची निवड, ते वाळवणं आणि तो जोड यांच्या जोरावर. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून धरा आणि मधल्या पडद्यांपाशी तारेखाली किती फट राहते ते उजेडाकडे धरून बघा. केसाएवढी फट चांगली, पोस्टकार्ड सहज जात असेल तर मान पुढे वाकलीय. फिंगरबोर्ड, म्हणजे पडदे बसवलेली पट्टी, जिथे वरच्या फळीवर चढतो तिथे उंचवटा नाही ना हे बोट फिरवून बघा, कारण तिथला उंचवटा वरचे सूर खरखरवतो.

4. वरची फळी

ही बहुतेक स्प्रूस या हलक्या लाकडाची असते आणि आवाज मुख्यतः इथूनच येतो. वाद्य डोळ्याच्या पातळीला आडवं धरा, खिडकीचा उजेड फळीवर पडू दे आणि घोडीखाली ती आत दबलीय का बघा. मोबाइलचा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन साउंडहोलमधून आतले आडवे दांडे बघा, डिंकाचे ओघळ, अर्धवट चिकटलेलं टोक लगेच दिसतं.

मागचं पोट अक्रोड, मेपल किंवा रोझवुडच्या चिंचोळ्या पट्ट्यांचं असतं. जास्त पट्ट्या म्हणजे जास्त मेहनत, किंमतही वाढते, पण आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. शिंपल्याच्या नक्षीचंही तसंच. नक्षी मला मनापासून आवडते, पण तुलना करताना तिच्यावर रुमाल टाका.

5. आता ऐका

एकेका जोडीवर खालपासून वरपर्यंत प्रत्येक पडदा सावकाश वाजवा. एखादा सूर मेलेला, एखादा उगाच ओरडणारा असं असेल तर लिहून ठेवा. मग ताक्सिमी वाजवा, म्हणजे ताल न धरता केलेली आलापी. ग्रीक हिजाझचे (आपल्या रागासारखी एक सुरावट) पहिले चार सूर आपल्या भैरवच्या सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म सारखेच आहेत, त्यामुळे मराठी कानाला ते आधीच ओळखीचे असतात आणि कोमल रे वर रेंगाळताना कुठलं वाद्य किती बोलतं हे चटकन समजतं. नंतर एकाच सुरावर पिकचा वेगवान ट्रेमोलो, म्हणजे तोच सूर भराभर पुन्हापुन्हा छेडणं, आधी हलक्या आवाजात, मग जोरात. जोरात मारल्यावर आवाज मोठा व्हायला हवा, फाटायला नको.

हे सगळं दुसऱ्याला वाजवायला लावून तीन मीटरवरून ऐका, फोनवर रेकॉर्डही करा आणि नावं न बघता परत ऐका. वाजवणाऱ्याला ऐकू येतं ते आणि समोरच्याला ऐकू येतं ते, यात खूप फरक असतो.

6. ऑर्डर द्यायच्या आधी

कारागिराला विचारा की लाकूड किती वर्षं वाळवलंय, मान वाकली तर दुरुस्ती कोण करणार, आणि वाद्य कुठे राहणार आहे हेही त्याला सांगा. एथेन्सच्या कोरड्या उन्हाळ्यात घडलेली बुझुकी मुंबईत किंवा गोव्यात आली की पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, म्हणून थोडी बुटकी अशी एक जादा घोडी त्याच्याकडून तेव्हाच करून घ्या.