मुंबईची रात्र बघायचीय? एका रात्री एकच एरिया पकडा

कुलाब्यात जेवू, मग बांद्र्याला पब आणि शेवटी वर्सोवा, असा प्लॅन बरेच जण करतात आणि निम्मी रात्र टॅक्सीत जाते. त्यापेक्षा एक एरिया धरा आणि चालत फिरा. त्याआधी लोकलचं गणित बघा. चर्चगेट आणि सीएसएमटीहून शेवटची गाडी साधारण साडेबारा-एकच्या आसपास सुटते, कर्जत-कसाऱ्याकडची त्याच्याही आधी, आणि पहिली पहाटे चारनंतर. म्हणजे एकतर वेळेत स्टेशन गाठा नाहीतर पहाटेपर्यंत जागायची तयारी ठेवा.

पहिल्यांदाच जाताय तर कुलाबाच बेस्ट. कॉजवेवरचं लिओपोल्ड कॅफे १८७१ पासून आहे, थोडं पुढे मोंडेगार, तिथल्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, बिअर न पिणाऱ्यानेही ती बघायला जावं. भूक ताजच्या मागच्या गल्लीतल्या बडेमियाँसाठी राखून ठेवा, सीख कबाब आणि बैदा रोटी. मग चालत मरीन ड्राइव्ह, तिथे सायकलवर चहा घेऊन फिरणारे भेटतात. इकडे रिक्षा मिळत नाही, काळीपिवळीच करावी लागते, आणि मध्यरात्री बारा ते पाच मीटरपेक्षा २५ टक्के जास्त भाडं लागतं, ते नियमानेच आहे, उगाच वाद घालू नका.

पब आणि डान्स फ्लोअर हवा असेल तर लोअर परळ. १९८२ च्या संपानंतर मिल बंद पडत गेल्या आणि गिरणगावातल्या त्याच आवारांत ही सगळी हॉटेलं आली, गिरण्यांच्या चिमण्या अजून दिसतात कुठे कुठे, मला तिथून जाताना ते आठवतंच. कमला मिल्सच्या २०१७ च्या आगीत १४ जण गेले, म्हणून कुठेही आत शिरलात की बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा, हे खरंच करा. आणि वयाचा पुरावा जवळ असू द्या, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ पूर्ण लागतात.

बांद्र्यात कार्टर रोड, बँडस्टँड, नुसतं समुद्राकाठी बसायला छान. जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये रात्रीचं नाटक बघून कॅफेत गप्पा मारत बसा, दारू नाही तरी संध्याकाळ भरून जाते.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी रात्र रमजानमधली मोहम्मद अली रोडची. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत कबाब, नल्ली निहारी, मालपोवा, सुलेमान उस्मानची फिरनी, सगळं चालता चालता. इफ्तारच्या वेळी रोजा सोडणाऱ्यांची घाई असते, त्यांना आधी निवांत खाऊ द्या, आपण नऊ-दहानंतर जावं. गाडी अजिबात नेऊ नका, मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून चालत या, चौघांत एक एक प्लेट घ्या, नाहीतर दुसऱ्याच दुकानात पोट भरतं आणि फिरनी राहून जाते.

रात्रभर जागलातच तर पहाटे दादरचं फुलमार्केट गाठा, स्टेशनला लागूनच आहे. झेंडूचे ढीग, लिलीच्या जुड्या, होलसेलचा भाव, घरच्यांसाठी गजरे घ्या. फक्त वाटेत उभं राहून फोटो काढत बसू नका, डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्यांना थांबता येत नाही.