सेफ्टी ऑडिट: फलकावरच्या शून्याचा हिशेब आधी लावा

सेफ्टी ऑडिटर व्हायला निघालात, एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा) झालंय, आयएस १४४८९ हे सेफ्टी ऑडिटचं भारतीय मानक वाचलंय, चेकलिस्ट हातात आहे, असं धरूनच लिहितो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात कारखान्यात शिरताना गेटवर ‘अपघातविरहित दिवस’ असा फलक दिसतो. पहिलं ऑडिट तिथेच फसतं. म्हणून शॉप फ्लोअरवर जाण्याआधी फ्रिक्वेन्सी रेट, म्हणजे दहा लाख मनुष्यतासांमागे किती अपघात, तो स्वतः काढा.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: कामाचे दिवस बुडवणारे अपघात गुणिले दहा लाख, भागिले मनुष्यतास. घोळ सूत्रात नाही, वर कोण आणि खाली कोण यात आहे. समजा, १२० कायम कामगार आणि १८० कंत्राटी. प्रत्येकी वर्षाला २४०० तास धरले तर एकूण ७,२०,००० तास. वर्षात कायम कामगारांचे २ अपघात, कंत्राटींचे ४. खरा दर ६ अपघातांवर ८.३३ येतो. पण ठेकेदाराच्या माणसांचे तास खाली घेतले आणि त्यांचे अपघात ‘ते ठेकेदाराकडे’ म्हणून सोडले, की तोच दर २.७८ दिसतो. कुणी खोटं बोललंय असंही नसतं; तास टाइम ऑफिसने दिले, अपघात एचआरने दिले आणि दोघांची बेरीज कुणी ताडून पाहिली नाही. ज्याचे तास धरले त्याचा अपघात धरायचा, ज्याचे सोडले त्याचा सोडायचा, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायचं. तासही माणसं गुणिले आठ करून घेऊ नका. मस्टर आणि ओव्हरटाइमवरून घ्या.

अपघात शोधायचे तर अपघात रजिस्टर सगळ्यात शेवटी उघडा. आधी फर्स्ट एडचं ड्रेसिंग रजिस्टर, मग ईएसआयसीला (कामगार विमा महामंडळाला) गेलेले अपघात अहवाल, मग ठेकेदाराचं मस्टर. ज्या दिवशी टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस हजर दिसतोय का? हजर असेल तर त्याने काय काम केलं ते सुपरवायझरला विचारा. बँडेज बांधून खुर्चीवर बसवलं असेल, तर दिवस बुडाला नाही असं म्हणता येत नाही. बोट गेलं असेल तर सिव्हियरिटी रेटमध्ये, म्हणजे बुडालेल्या दिवसांवरून काढलेल्या दरात, रजेचे बारा-पंधरा दिवस टाकून भागत नाही. आयएस ३७८६ या अपघात-दरांच्या भारतीय मानकात मृत्यूसाठी ६००० दिवस धरतात. अवयव गेल्यास अपंगत्वाच्या तक्त्याप्रमाणे दिवस लावायचे.

आणि छोट्या युनिटचा दर पाहून घाबरू नका. फक्त १२० माणसं, २,८८,००० तास. एकच अपघात झाला तरी दर शून्यावरून ३.४७ वर उडी मारतो. एका वर्षाच्या आकड्यावरून तिथे बरं-वाईट ठरवता येत नाही. तीन-चार वर्षं एकत्र घ्या आणि सोबत निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) किती नोंदले, किती बंद झाले ते पाहा. वर्षभर एकही निअर मिस नाही? मग कामगारांना ते कळवायची सोय नाही, एवढंच त्यातून कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार चेकलिस्टा वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. ‘प्रेसला लाइट कर्टन आहे का’ (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) यावर ‘हो’ची खूण करून माणूस पुढे जातो. पण की-क्लचची जुनी प्रेस एकदा सुटली की फेरा पूर्ण करूनच थांबते. तिला कर्टनचा उपयोग शून्य, तिथे फिक्स्ड गार्डच हवा. घर्षण क्लचची प्रेस मधेच थांबवता येते, तिथे थांबायचा वेळ मोजून घ्या. हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात. म्हणजे १४ मिमी रिझोल्यूशनच्या (१४ मिमी जाडीची वस्तूही टिपणाऱ्या) कर्टनला, ०.१५ सेकंदात थांबणाऱ्या प्रेसच्या धोक्याच्या जागेपासून ३०० मिमी अंतर लागतं, आणि ब्रेक लायनर झिजून वेळ ०.२२ झाला की ४४०. कर्टन मात्र बसवल्या जागीच राहतो.

दिंडोरीकडच्या वायनरीत काम मिळालं तर आणखी सावध राहा. फर्मेंटेशन टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांवर गेला, म्हणजे जिवावर बेतेल इतका, तरी मीटर ऑक्सिजन १९.८ टक्क्यांच्या आसपास दाखवतो आणि १९.५ चा अलार्म वाजतच नाही. नेहमीच्या फोर गॅस मीटरमध्ये (चार वायू मोजणाऱ्या) कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतो. टँकमध्ये उतरायच्या परमिटवर वेगळं कार्बन डायऑक्साइड रीडिंग नसेल तर ते परमिट अपुरं, असं लिहा. मालक नाराज झाला तरी लिहा.

शिकायला गुरू निवडताना तिसऱ्या शिफ्टला फ्लोअरवर जाणारा निवडा. कॉन्फरन्स रूममधून ऑडिट उरकणाऱ्याकडून फक्त अहवालाचा नमुना मिळतो. निरीक्षण लिहायला सुरुवातीला वेळ लागेल, तो लागू द्या. ‘गार्डिंग सुधारावे’ असं लिहिलं तर काहीच होत नाही. ग्राइंडर क्रमांक, टूल रेस्टचं (वस्तू टेकवायच्या आधाराचं) चाकापासून अंतर ९ मिमी, हवं ३ मिमीपर्यंत, जबाबदार कोण, तारीख कोणती: एवढं असलं की पुढच्या भेटीत पट्टी घेऊन तेच अंतर पुन्हा मोजता येतं.