कीबोर्डमधले टोन विस्कटू देऊ नका : या चुका टाळा

गणपती पंधरा दिवसांवर आले किंवा शिमगा आठवड्यावर आला की माझा फोन वाजायला लागतो. रत्नागिरी, गुहागर, संगमेश्वर इकडची कीबोर्ड वाजवणारी पोरं असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "दादा, माझे टोन गेले, परत कसे आणू?" टोन म्हणजे कीबोर्डच्या मेमरीत बनवून ठेवलेले आवाज. मी विचारतो, बाहेर कॉपी आहे का? उत्तर येतं, "नाही, सगळं कीबोर्डमध्येच होतं." मग मलाही फार काही करता येत नाही. चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

नमनाचा, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचा, एक प्रयोग घ्या. गणाला घंटा आणि तानपुऱ्याचा पॅड (मागे सतत भरून राहणारा आवाज), गवळणीला बासरी, पेंद्या आणि मावशीच्या एंट्रीला वेगळे आवाज, पुढे वगात लढाई, लग्न, रडारड. एका रात्रीत तीस-चाळीस टोन सहज लागतात. त्यात जाखडी नाचाचे वेगळे, भजनाचे वेगळे, ऑर्केस्ट्राचे वेगळे. एवढा पसारा कीबोर्डच्या दोन ओळींच्या डिस्प्लेवर बटणं दाबून आवरता येईल, हा हट्ट आधी सोडा. टोन लावायला, नावं द्यायला, जपायला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर हवंच. त्याला लायब्ररियन म्हणतात. सगळ्या बँका, म्हणजे टोनचे गट, एका पडद्यावर दिसतात, माउसने टोन उचलून हव्या त्या जागी ठेवता येतो, आणि मुख्य म्हणजे सगळा खजिना फाइलमध्ये राहतो.

पॅचवर पॅच लिहिणं

या चुकीवर जास्त लिहितो, कारण ती मला स्वतःला भोवली आहे.

तेव्हा माझ्याकडे रोलँडच्या एक्सपी मालिकेतला, फ्लॉपी ड्राइव्हवाला कीबोर्ड होता. त्यात आपले पॅच ठेवायला १२८ जागा आणि परफॉर्मन्सला ३२. पॅच म्हणजे एकेक आवाज. परफॉर्मन्स म्हणजे अनेक पॅच एकत्र बांधलेला सेट : खाली स्ट्रिंग, वर बासरी, कुणाचा आवाज किती, कोण कुठल्या पट्टीत. आता नीट लक्ष द्या. परफॉर्मन्समध्ये पॅच साठवलेला नसतो, पॅचचा फक्त नंबर असतो. त्या नंबरवर उद्या दुसरा पॅच लिहिलात तर परफॉर्मन्स मुकाट्याने तो दुसरा पॅच वाजवतो. कॉर्गवर हेच नातं प्रोग्रॅम आणि कॉम्बिनेशनचं असतं.

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत प्रयोग होता. दुपारी वगातल्या लग्नासाठी नवीन सनई बनवली आणि ठेवायला जागा शोधू लागलो. १४ नंबरवर "फ्लूट न्यू" दिसला. ५२ वर "फ्लूट फायनल" होता, म्हणून १४ चा जुना असेल असं धरलं आणि सनई त्याच्यावर लिहून टाकली. गवळणीचा परफॉर्मन्स १४ नंबरला बांधलेला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रात्री राधा आणि गवळणी डोक्यावर मडकी घेऊन आल्या. मी परफॉर्मन्स लावला, पहिली ओळ वाजवली, आणि स्ट्रिंगच्या मऊ पॅडवर सनई कर्कशपणे निघाली. ढोलकीवाला वळून बघायला लागला. गाणारा बुवा एक ओळ थांबला आणि माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाला, "बासरी कुठं गेली रे?" मी घाईघाईने कंपनीची प्रीसेट फ्लूट लावली आणि गवळण तशीच रेटली. लोकांना कदाचित कळलंही नसेल, मला मात्र ती गवळण अजून ऐकू येते.

खरं दुःख दुसऱ्या दिवशी झालं. ती बासरी मी दोन महिने खपून बनवली होती. फुंकरीचा हलका आवाज तिच्यात होता, डावीकडचा लिव्हर पुढे रेटला की आंदोलन यायचं. तिची कॉपी फ्लॉपीवर होती. फ्लॉपी काढली तर चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. कोकणातल्या दमटपणात दोन पावसाळे काढलेली फ्लॉपी वाचली जाणार तरी कशी? तसली बासरी मला परत जमली नाही.

त्या दिवसापासून माझी सवय : कीबोर्डवर थेट राइट (सेव्ह) करण्याआधी सगळी मेमरी कॉम्प्युटरवर घ्यायची. जागा रिकामी करायची असेल तर लायब्ररियनमध्ये बघायचं, हा पॅच कुठल्या परफॉर्मन्सला जोडलाय. काही चांगली सॉफ्टवेअर पॅच हलवला की परफॉर्मन्समधला नंबरही बदलतात. तुमचं बदलत नसेल तर वहीत लिहा. मी अजूनही वहीत लिहितो.

याच घरातली एक चूक : परफॉर्मन्समध्ये बसून पॅचचा आवाज बदलायचा आणि परफॉर्मन्स तेवढा राइट करायचा. अशा कीबोर्डवर पॅच वेगळा राइट करावा लागतो. नाही केलात तर बंद करून चालू केल्यावर बदल गेला.

दुसऱ्याचा सेट लोड मारणं

घाईत शिकणाऱ्या पोरांचा हा आवडता मार्ग. कुणी तरी पेनड्राइव्हवर "पूर्ण सेट" देतो, शंभर-दोनशे रुपयांत मोबाइलवरही मिळतो. पोरगा कीबोर्डला लावतो, लोड ऑल दाबतो आणि खूश होतो. लोड ऑल म्हणजे भर घालणं नव्हे. आधीचं सगळं पुसून त्या जागी नवीन बसवणं. तुमच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर परक्या माणसाचे टोन बसतात, आणि त्यातलेही निम्मे तुमच्या पट्टीला, तुमच्या बुवाच्या गळ्याला जुळत नाहीत.

दुसऱ्याचे टोन घेऊ नका, असं मी म्हणत नाही. मीही घेतो. पण आधी आपली कॉपी काढा. मग ती परकी फाइल लायब्ररियनमध्ये उघडा, एकेक वाजवून बघा, आवडलेले चार उचला आणि आपल्या बँकेत ठेवा. याला एक संध्याकाळ लागते. ज्याला एक संध्याकाळ देववत नाही, त्याने गवळणीची जबाबदारी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यामाहाच्या पीएसआर-एससारख्या कीबोर्डवर रजिस्ट्रेशन (एका बटणावर जपलेली सगळी मांडणी) वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. पेनड्राइव्हवरची स्टाइल, म्हणजे साथीचा ठेका, रजिस्ट्रेशनमध्ये जात नाही, तिचा फक्त पत्ता जातो. फोल्डरचं नाव बदललं किंवा पेनड्राइव्ह घरी राहिला, तर त्या बटणावर स्टाइल येणार नाही.

डंप घेतला, पण फाइल अर्धी

डंप म्हणजे कीबोर्डची मेमरी कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. ते होतं मिडीवरून, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेतून. मिडी १९८३ साली आलं. टोन बाहेर काढायची जुन्या कीबोर्डची वाट अजून तीच आहे : सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, बोलीभाषेत सिसेक्स. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन, दोन्ही फुकट. पूर्ण संपादन हवं असेल तर मोफत एडिसिन आहे किंवा विकतचं मिडी क्वेस्ट. आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, ते आधी बघा. घेतल्यावर बघू नका.

बहुतेकांची गडबड क्रमात होते. आधी कॉम्प्युटरवर रिसीव्ह चालू करा, मगच कीबोर्डवर डंप दाबा. उलट केलंत तर सुरुवातीचा मजकूर निसटतो आणि फाइल अर्धवट राहते. मिडीच्या वायरमधून सेकंदाला जेमतेम ३,१२५ बाइट जातात, त्यामुळे मोठी मेमरी यायला वेळ लागतो. तेवढा वेळ कळीला हात लावू नका.

फाइलचा आकार बघायची सवय लावा. यामाहा डीएक्स७ च्या ३२ आवाजांचा डंप नेहमी ४,१०४ बाइटचा असतो, एकही कमी-जास्त नाही. आपल्या कीबोर्डचा आकडा एकदा वहीत लिहून ठेवला की पुढच्या वेळी फाइल अर्धी आली तर लगेच कळतं. आणि घेतलेली फाइल निदान एकदा परत कीबोर्डमध्ये पाठवून बघा. पाठवण्याआधी दुसरा डंप घेऊन ठेवा, म्हणजे हात पोळणार नाही. परत न पाठवता "माझा बॅकअप आहे" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

परत पाठवताना चेकसमची (मजकूर पूर्ण आला का, हे तपासणाऱ्या आकड्याची) एरर आली तर कीबोर्डला दोष देण्याआधी वायर बदला. बाजारात दोन-तीनशेला मिळणारी यूएसबी-मिडी वायर वाजवलेले सूर नीट पाठवते, पण लांब सिसेक्समध्ये मधलेच बाइट गाळते. चांगला इंटरफेस घ्या, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये दोन मेसेजमधला वेळ वाढवा. काहीच हललं नाही तर वायरच्या दोन्ही पिना अदलाबदल करून बघा, आणि कीबोर्डवर एक्सक्लुझिव्ह रिसीव्ह चालू आहे का, मेमरी प्रोटेक्ट (मेमरीचं कुलूप) बंद आहे का, तेही बघा. डिव्हाइस आयडी, म्हणजे कीबोर्डचा ओळख नंबर, दोन्हीकडे एकच हवा. रोलँडवर तो बहुधा १७ असतो.

सनई मागितली, घंटी आली

कॉम्प्युटर किंवा टॅब्लेटवरून टोन बदलणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामाईक आवाजांच्या, यादीत सनई ११२ नंबरला आहे. तुमचं सॉफ्टवेअर शून्यापासून मोजत असेल आणि तुम्ही ११२ लिहिलंत, तर कीबोर्ड पुढचा ११३ लावतो. तो म्हणजे टिंकल बेल. एक आकडा कमी करा, काम झालं. चुकीच्या बँकेतला टोन येत असेल तर बँक सिलेक्टचे दोन्ही आकडे, कंट्रोलर ० आणि ३२, प्रोग्रॅम चेंजच्या (टोन बदलायच्या मेसेजच्या) आधी जातायत का ते बघा.

नावं

"फ्लूट न्यू", "फ्लूट न्यू २", "फ्लूट फायनल" ही नावंच नव्हेत. डिस्प्लेवर दहा-बारा अक्षरं मावतात, त्यात गाण्याचं काम आणि पट्टी लिहा : "गवळण का.४", म्हणजे काळी चार. हे कीबोर्डच्या नॉबवर एकेक अक्षर फिरवत करू नका, कंटाळा येतो आणि मग परत "न्यू" पडतं. लायब्ररियनमध्ये टाइप करा, शंभर नावं तासाभरात होतात.

बॅटरी आणि खारी हवा

जुन्या कीबोर्डची मेमरी आतल्या छोट्या बॅटरीवर तगते. ती उतरली किंवा बदलताना निघाली की आपले टोन गेले. "बॅटरी लो" दिसल्या दिवशी डंप घ्या, पुढच्या प्रयोगानंतर नको. दुरुस्तीला देताना तर घ्याच. एका दुकानातून माझा कीबोर्ड फॅक्टरी रिसेट होऊन आला होता, बिघाड होता फक्त एका कळीचा.

मी मृगाच्या आधी, मे संपता संपता, शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण डंप घेतो. फाइलच्या नावात तारीख टाकतो आणि जुनी फाइल पुसत नाही. एक कॉपी लॅपटॉपवर, एक स्वतःलाच मेल करून, आणि एक पेनड्राइव्ह मुंबईला मेव्हण्याकडे. तिसरी कॉपी गावाबाहेर का, हे चिपळूणकरांना सांगावं लागणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात एकाच खोलीतलं सगळं एकदम पाण्याखाली गेलं होतं. कीबोर्डही आणि लॅपटॉपही.

लायब्ररियनमधून टोनची यादी छापून काढतो आणि कीबोर्डच्या केसमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. कागदाच्या मागच्या बाजूला प्रयोगाचा क्रम पेन्सिलीने लिहितो, कारण बुवा मेकअप चालू असताना दोन गाणी हमखास बदलतात.