गुडघेदुखीची जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालवताय? या चुका टाळा

गुडघ्याच्या झिजेसाठी, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिससाठी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी झीज भरून काढत नाही. दुखणं आणि सूज तेवढी दाबते, म्हणजे मांडीचे व्यायाम आणि चालणं सुरू करता यावं. म्हणून डॉक्टर ती मोजक्या दिवसांचीच देतात. पण नागपुरात सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत औषधाच्या कुठल्याही दुकानात उभे राहा, मागच्या वर्षीची, घडीवर फाटलेली चिठ्ठी पुढे करून कोणीतरी म्हणतंच, "आईचे गुडघे पुन्हा धरले, याच गोळ्या द्या भाऊ." माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं. मधल्या काळात आईचं बीपी वाढलेलं असतं, शुगर निघालेली असते, कधी रक्त पातळ करणारी गोळी सुरू झालेली असते. त्या जुन्या चिठ्ठीत यातलं काहीच धरलेलं नसतं.

बीपीची गोळी आणि आपला उन्हाळा

टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली बीपीची गोळी आपल्याकडे खूप जण घेतात. तिच्या जोडीला डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांपैकी एखादं वेदनाशामक घेतलं, तर किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. वेदनाशामकामुळे किडनीत रक्त आणणारी वाहिनी आखडते, टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल होते आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधामुळे शरीरातलं पाणी घटतं. किडनीच्या गाळणीतला दाबच पडतो. त्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेलेला, घामाने अंगातलं पाणी आणखी कमी झालेलं. अशा दिवसांत लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा उलट्या-जुलाब लागले, तर वेदनाशामक थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत किंवा खासगी, कुठेही दाखवायला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, हेही सांगा.

जेल नावापुरतं लावणं

गुडघ्यासाठी आधी जेल, ते पुरलं नाही तर पोटातून गोळी, असा क्रम ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. जेलचं औषध रक्तात फार कमी उतरतं, म्हणून वयस्कांना ते जास्त सुरक्षित. पण रात्री झोपताना बोटभर चोळून "काही फरक नाही" म्हणणारे पुष्कळ. डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीन-चार वेळा, गुडघ्याच्या चारही बाजूंनी लावायचं असतं. 30 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर डोस पोहोचतच नाही. लावल्यावर वरून गरम शेक देऊ नका.

एकच औषध दोन नावांनी

एसिक्लोफेनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. सर्दीच्या गोळीतही तेच. पाकिटावरचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. आणि सोबत लिहिलेली, पोटातलं आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी खर्च वाचवायला गाळू नका. वेदनाशामकाने पोटात झालेला अल्सर कधी कधी दुखतही नाही, थेट काळी शौच होते. तसं दिसलं तर तडक दवाखाना गाठा.

ड्युलोक्सेटिन लिहून दिलं की घरचे नेटवर शोधतात, डिप्रेशनचं औषध आहे म्हणून बंद करतात. जुनाट सांधेदुखीतही ते दिलं जातं. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारा. ते एकदम बंद केल्याने चक्कर, मळमळ होऊ शकते.

कॅल्शियमने सांध्यातली झिजलेली कूर्चा भरत नाही. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवर पैसे घालण्याची शिफारस नाइस करत नाही.

बिननावाची पुडी

दोन दिवसांत गुडघा मोकळा करणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा सुजून गोल होणं, शुगर अचानक चढणं ही त्याची खूण. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल, तर ती एका दिवसात फेकून देऊ नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, एकदम थांबवलं तर बीपी घसरून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, ते डोस हळूहळू उतरवतील.