उघडलेल्या गाडीचे बोल्ट जागच्या जागी ठेवण्यासाठी

जुनी पद्मिनी मोटार सवडीने उघडताना खरी अडचण येते ती सहा महिन्यांनी, जेव्हा डब्यातला कोणता बोल्ट कुठला हेच आठवत नाही. साताऱ्यात कंदी पेढ्यांचा रिकामा खोका घरोघरी सापडतो (पेढे अर्थातच आधी संपवावेत). त्याच्या पुठ्ठ्यावर टायमिंग कव्हरची (इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या झाकणाची) कडा ते काढण्याआधीच पेनाने बघून आखावी, भोकांच्या जागी टोच्याने छिद्रे पाडावीत आणि प्रत्येक बोल्ट वायसरसह निघेल तसा त्याच छिद्रात खोचावा. वरची बाजू बाणाने दाखवावी. यामुळे लांब बोल्ट आखूड भोकात आवळून आटे खराब होण्याचा धोका टळतो. मात्र पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून खोचण्यापूर्वी बोल्ट घासून त्यांना तेलाचा हात जरूर लावावा.