व्हाळाच्या काठाने खोपीपर्यंत : या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीला मिळणाऱ्या एखाद्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने वर चालत जायचं, रानातल्या खोपीवर, म्हणजे झोपडीवर, डबे उघडायचे आणि उजेडात परतायचं. चढ बेताचा, वाट मळलेली. तरी दर मोसमात नवी मंडळी त्याच त्याच चुका करतात, आणि ते बघून जीव टांगणीला लागतो.

पहिली चूक, जाताना व्हाळ ओलांडताना परतीचं पाणी डोक्यातच नसणं. ‘घोट्याएवढंच तर आहे’ म्हणत सगळे पलीकडे जातात. म्हादई उगवते कर्नाटकात, खानापूर तालुक्यात, आणि सत्तरीतले कितीतरी व्हाळ घाटावरचं पाणी घेऊन उतरतात. वाळपईत ऊन पडलेलं असतं तेव्हा वर चोर्ला घाटाच्या बाजूला पाऊस कोसळत असतो. ते पाणी उशिरा पोचतं, पण पोचतं.

एका सप्टेंबरात फोंड्याहून आलेला गट सोबत होता. सातला निघायचं ठरलेलं. पातळभाजी-पाव, दुसरा चहा, फोटो यांत दहा वाजले. खोपीवर जेवण झालं, मी उठा म्हटलं, तर निम्मी पोरं कोंडीत, व्हाळातल्या खोल डोहात, उतरलेली. ‘आणखी अर्धा तास’ असं तीनदा झालं. व्हाळापाशी आलो तर सकाळी पाण्याच्या कडेला ठेवलेला माझा खुणेचा दगड दिसेना. पाणी तांबडं झालेलं, वरून काटक्या आणि पाचोळा वाहत येत होता. दोघेजण म्हणाले, धावत गेलं तर पार होऊ. मी आडवा उभा राहिलो. गुरं घेऊन चाललेल्या एका गवळीबाबांनी आम्हाला वरच्या वाटेने साकवापर्यंत, छोट्या पुलापर्यंत, नेलं. गाड्यांपाशी पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला होता आणि गटातली लहान मुलगी भुकेने रडत होती.

म्हणून मी व्हाळ ओलांडायच्या प्रत्येक जागी पाण्याच्या कडेला दगड ठेवतो आणि परतीची वेळ निघतानाच मोठ्याने सांगतो, तीही सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हिशेबाने. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. वरचा पाऊस थांबला की असे छोटे व्हाळ बऱ्याचदा काही तासांत उतरतात, तोवर बसून राहा. आणि ओलांडताना पाठीवरच्या पिशवीचे पट्टे सैल करा, पाय घसरलाच तर ती झटकन टाकता यायला हवी. जुलै २०२४ मध्ये पाली धबधब्याकडे गेलेले लोक असेच वाढलेल्या पाण्यामुळे अडकले आणि त्यांची सुटका करावी लागली. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये, मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. तेव्हा निघण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा. आडवाटेने शिरणाऱ्यांबरोबर मी जात नाही.

‘पाणी उजवीकडे ठेवलं की चुकत नाही’ हाही असाच एक गैरसमज. दोन व्हाळ मिळतात तिथे माणसं हमखास भलत्याच व्हाळाला लागतात, आणि कुठे कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या बागेचं, कुंपण काठापर्यंत आलेलं असतं. ज्यांना घाई असते ते पुढे पळतात आणि मागच्यांना वाट दाखवायला कोणी उरत नाही. मी वाट माहीत असलेला माणूस शेवटी ठेवतो आणि प्रत्येक फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे हलू देत नाही. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी एकट्याने फिरावं.

बाटली घरी ठेवा. कोंड आणि दारू एकत्र मला चालत नाही.

बुटांच्या तळाला दाते हवेत, गुळगुळीत तळवे शेवाळावर टिकत नाहीत. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधा. मोबाईलला रेंज धरूनच चालू नका, गावात कोणाला तरी परतायची वेळ सांगून जा.

खोप कोणाची तरी असते. तिथली रचलेली लाकडं जाळायची नाहीत, आधी विचारायचं.

डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत जात असाल तर पाचोळ्यावर बसू नका. गोचिडींतून माकडताप होतो, २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली होती. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, विजारीचे पाय मोज्यांत खोचा, घरी आल्यावर अंग नीट तपासा आणि कपडे गरम पाण्यात टाका. पुढच्या आठवड्यात ताप आला, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.