हॅचरीचे ट्राउट ओढ्यात सोडल्यावर किती जगतात? फील्डवर्कला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत फिशरीज करून मास्टर्सला पेनसिल्व्हेनियात आलो तेव्हा वाटायचं ट्राउट म्हणजे ट्राउट, टाकीतला काय नि ओढ्यातला काय. काम पण ऐकायला सोप्पं, हॅचरीतले, म्हणजे टाकीत वाढवलेले, रेनबो जातीचे ट्राउट मासे वसंतात छोट्या ओढ्यात सोडायचे आणि नंतर किती उरले ते बघायचं. ओढा अगदी कोकणातल्या पऱ्यासारखा, गुडघाभर पाणी, फक्त हात घातला की बधिर होतो.

सोडण्याआधी प्रत्येकाच्या पोटात 12 मिमीचा पिट टॅग घालायचा, म्हणजे अँटेना जवळ नेला की माशाचा नंबर सांगणारी छोटी चिप. तेव्हाच पाठीवरचा पर बघून ठेवा, टाकीतल्यांचा झिजून खुंट झालेला असतो.

सगळ्यांना वाटतं बगळे नि मिंकच (मुंगसासारखा पाण्याकाठचा प्राणी) सगळे संपवतात. खातात ना, वरून सावली पडली की जंगली ट्राउट दगडाखाली सटकतो आणि आपला हा हॅचरीवाला खाणं आलं म्हणून वर येतो! पण बरेचसे नुसते खंगत जातात, कारण जंगली मासा दगडाच्या आडोशाला थांबून वाहत आलेला किडा तेवढा टिपतो नि हा येडा दिवसभर धारेत पोहतो, भांडतो, दमतो. एक 25 सेंमीचा सोडताना 180 ग्रॅम होता, सहा आठवड्यांनी लांबी तेवढीच नि वजन 148, म्हणजे कंडिशन फॅक्टर (लांबीच्या मानाने मासा किती भरलेला आहे तो आकडा) 1.15 वरून 0.95. दुसऱ्या एकाचं पोट फाडलं तर आत बारीक खडे नि काटक्या, सगळं हॅचरीतल्या खाद्याच्या गोळ्यांच्या, म्हणजे पेलेटच्याच साइजचं.

मोंटानात मत्स्य-जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी मॅडिसन नदी नि ओडेल क्रीकवर उलट बाजू, म्हणजे सोडलेल्यांमुळे जंगली माशांचं काय होतं ते, बघितली होती, सोडणं थांबवलं तिथे जंगली ट्राउट वाढले, सुरू केलं तिथे घटले. 1974 पासून त्या राज्याने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं.

आता माझी माती कशी झाली ते सांगतो. इलेक्ट्रोफिशिंगला (पाण्यात वीज सोडून मासे क्षणभर बधिर करून पकडणं) 100 मीटरचा पट्टा दोन्ही टोकांना जाळी लावून बंद करायचा नि त्यात तीनदा मशीन फिरवायचं. मी खालच्या जाळीचा तळ दगडांनी नीट दाबलाच नाही, मासे खालून पसार, आणि मी शीटवर सरळ 'मेले' लिहून मोकळा. आठवड्याने त्यातलेच काही खालच्या डोहात सापडले. शीटवर 'सापडला नाही' लिहा, मेला ते नंतर ठरवा. आणि अँटेना घेऊन काठावरही फिरा हं, एकदा मुळांखाली बीप आला म्हणून वाकून बघतो तर मिंकची विष्ठा, आत टॅग शाबूत. तो एक मात्र नक्की मेलेला.